तळ्यात मोहाची पेंड टाकतात, ती नेमकं करते काय?

शेततळ्यात रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडली, आठ महिने खाद्य घातलं, आणि जाळं ओढलं तेव्हा हाती लागले मूठभर रोहू आणि पाच-सहा गलेलठ्ठ मरळ. मत्स्यशेतीत नव्यानं उतरलेल्या शेतकऱ्यांची ही नेहमीची तक्रार. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, पाणी साठवायला खणलेल्या तळ्यांत मासे पाळायचा जोडधंदा वाढला, आणि त्याबरोबर ही तक्रारही वाढली. यावर जुने मच्छीमार आणि मत्स्यविभागाचे लोक बहुधा एकच सल्ला देतात: बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाका.

मग प्रश्नांची रांग लागते. पेंड हे विष आहे का? असेल तर नंतर सोडलेलं बीज जगतं कसं? पेंडीनं मेलेले मासे खायचे की पुरायचे? आणि झाडाचंच आहे तर ओढ्यात, नदीत टाकलं म्हणून काय बिघडलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘नाही, टाकू नका’ असं आहे. पण त्यामागचं कारण कळायला पेंड माशाच्या अंगात शिरून काय करते, तिथून सुरुवात करावी लागते.

आधी, नको असलेले मासे येतात कुठून?

कुणी सोडत नाही, तरी येतात. ओढ्याचं किंवा कालव्याचं पाणी तळ्यात घेतलं की त्याबरोबर अंडी आणि बोटाच्या पेराएवढी पिल्लं येतात. यातले मरळ आणि मांगूर शिकारी. बोटभर लांबीचं रोहूचं पिल्लू म्हणजे त्यांचा घास. दुसरी जात खादाडांची. उजनीकाठी जिला चिलापी म्हणतात ती तिलापिया शिकार करत नाही, पण तुमच्या माशांच्या तोंडचं खाद्य पळवते, आणि मादी अंडी तोंडात धरून उबवत असल्यामुळे तिची पिल्लं भरपूर जगतात. वर्षभरात तळं तिचंच होतं. आफ्रिकन मांगूर तर इतका उपद्रवी की त्याच्या पैदाशीवर देशात 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात सुटून जातो.

जाळं ओढून हे सगळे निघत नाहीत, कारण मरळ आणि मांगूर चिखलात दडून बसतात. पाणी उपसलं तरी ओल्या गाळात टिकतात. दोघांनाही हवेतला प्राणवायू घेता येतो. तळं पूर्ण आटवून, तळाला भेगा पडेपर्यंत उन्हात वाळवणं हा सगळ्यांत चांगला आणि बिनविषारी उपाय. ज्याला तो जमेल त्यानं पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा तलावांना, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांना, आटवायचं म्हणजे गावाचं पाणी तोडायचं. तिथं आणि गाळ न सुकणाऱ्या तळ्यांत पेंडीचा विचार सुरू होतो.

पेंडीत असतं काय?

मोहाच्या बिया घाण्यात घातल्या की तेल निघतं आणि चोथा उरतो. हा चोथा म्हणजे पेंड. भुईमुगाची किंवा सरकीची पेंड गुरं आवडीनं खातात, मोहाची मात्र त्यांना घालत नाहीत. कारण तिच्यात साधारण 4 ते 6 टक्के सॅपोनिन असतं. सॅपोनिन म्हणजे वनस्पतींनी स्वतःच्या बचावासाठी बनवलेली, पाण्यात फेस करणारी कडू द्रव्यं. रिठ्याला आणि शिकेकाईला जो फेस येतो तो यांचाच. म्हणजे हे नाव नवं असलं तरी वस्तू आपल्या न्हाणीघरातली आहे.

साबण ताटावरचं तूप जसं सैल करून पाण्यात ओढून नेतो, तसंच सॅपोनिन सजीव पेशीच्या आवरणाशी वागतं. हे आवरण बरंचसं स्निग्ध पदार्थांचं असतं आणि त्यात कोलेस्टेरॉलही असतं. सॅपोनिन नेमकं त्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि आवरणाला भोकं पाडतं. रक्तातल्या तांबड्या पेशी या माऱ्यापुढे टिकत नाहीत, फुटतात, आणि फुटलेल्या पेशी प्राणवायू वाहू शकत नाहीत.

आपण रिठ्यानं डोकं धुतलं तर काही होत नाही, कारण कातडीचा जाड थर मध्ये असतो. माशाला ही सोय नाही. त्याचे कल्ले म्हणजे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये धरलेला अतिशय पातळ पडदा, आणि श्वास घ्यायचा तर त्यावरून पाणी सतत वाहतं ठेवावंच लागतं. सॅपोनिन आधी तो पडदा खराब करतं, मग रक्तात उतरतं. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि काही तासांत उलटे होतात. मरळ हवेतून श्वास घेत असला तरी त्याच्या कल्ल्यांतून विष आत जातंच. तो जरा उशिरा मरतो इतकंच, म्हणून त्याच्यासाठी मात्रा कमी पडून चालत नाही.

किती टाकायची?

शिफारस पाण्याच्या हिशेबात 200 ते 250 पीपीएमची आहे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग; तळ्याच्या भाषेत एका लिटरला एक मिलिग्रॅम. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल तर ते होतं एक कोटी लिटर, आणि त्याला 2,000 ते 2,500 किलो पेंड लागते. वीस गुंठ्यांच्या तळ्यात तेवढ्याच खोलीला साधारण 500 किलो. इथं गणित चुकण्याची जागा एकच आहे: लोक तळ्याचा विस्तार मोजतात आणि खोली अंदाजानं धरतात. पाणी उपसून अर्ध्या मीटरवर आणलं तर पेंड निम्मी लागते, आणि वाचलेल्या पैशात पंपाचं डिझेल निघून वर काही उरतं.

पेंड रात्रभर पाण्यात भिजवतात आणि सकाळी तो काला सगळ्या तळ्यावर सारखा शिंपडतात. मग जाळं ओढून पाणी ढवळलं की तळाशी दडलेले मासेही वर येतात. जुनी, ओल लागलेली किंवा भेसळीची पेंड पैसे घेते आणि काम करत नाही. घेण्याआधी मूठभर पेंड बादलीत भिजवून घुसळावी. फेसच धरत नसेल तर ती परत करावी.

मग नंतर सोडलेलं बीज जगतं कसं?

सॅपोनिन टिकाऊ नाही. पाण्यातले आणि गाळातले जीवाणू त्याचे तुकडे करून खातात. साधारण 15 ते 20 दिवसांत पाण्याचा विषारीपणा जातो, थंडीच्या दिवसांत थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून पेंड बीज सोडण्याच्या किमान तीन आठवडे आधी टाकायला सांगतात.

पेंडीचा दुसरा गुण इथं सुरू होतो. विष संपल्यावर उरतं ते सेंद्रिय खत. त्यावर शेवाळाचे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर माशांच्या पिल्लांना लागणारे बारीक जलजीव वाढतात, आणि पाणी हिरवट होतं. ब्लिचिंग पावडरनंही तळं साफ करता येतं, तेही हेक्टरी साडेतीनशे किलोंच्या आसपास, म्हणजे वाहतूक कमी आणि वाटही कमी दिवस पाहावी लागते. पण ती जमिनीला काही देऊन जात नाही. उलट पेंड टाकल्यावर सुरुवातीला खत म्हणून टाकायचं शेण कमी करावं लागतं. अडीच टन पेंड कुजताना पाण्यातला प्राणवायू खातेच, त्यात शेणाच्या गाड्या ओतल्या तर नंतरचं बीज विषाशिवायच गुदमरेल. ही चूक फार होते, आणि दोष मात्र पेंडीला लागतो.

झिंग्याच्या तळ्यातही हेच चालतं का?

तत्त्व हेच, पेंड वेगळी. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीच्या पाण्यावर कोळंबी पाळली जाते. या तळ्यात मासे शिरले तर अडचण अशी की कोळंबी आत असतानाच मासे मारायचे असतात. इथं चहाच्या बियांची पेंड वापरतात. तैवान, थायलंड, चीन, फिलिपिन्स इथल्या तळ्यांत ती फार पूर्वीपासून चालत आली आहे. तिच्यात सॅपोनिन मोहापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे मात्रा 15 ते 25 पीपीएम एवढीच पुरते. या मात्रेला मासे मरतात आणि कोळंबी जगते.

कारण कोळंबीच्या रक्तात तांबड्या पेशीच नसतात. तिच्यात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावर चालतं आणि ते पेशींत बंद नसून रक्तात मोकळं विरघळलेलं असतं. फोडायला पिशवीच नाही. शिवाय तिच्या कल्ल्यांवर कवचाचा पातळ थर असतो. गंमत म्हणजे या पेंडीनं कोळंबी कात टाकायला लागते, आणि काही जण ती त्यासाठीच टाकतात. पण हा फरक मात्रेचा आहे, अभयदान नव्हे: चौपट-पाचपट ओतली तर कोळंबीलाही त्रास होतो. खारं पाणी असेल तर पेंड लवकर काम करते, पाऊस पडून पाणी गोडं झालं असेल तर तेवढ्याच मात्रेत मासे जगतात. पावसाळ्यात ‘यंदा पेंड खोटी निघाली’ म्हणणाऱ्यांनी आधी पाण्याचा खारेपणा मोजून पाहावा.

पेंडीनं मेलेले मासे खाल्ले तर?

मोहाच्या पेंडीनं मारलेले ताजे मासे खाता येतात आणि विकलेही जातात. सॅपोनिनला माशाच्या रक्तात शिरायला कल्ल्यांची वाट मिळते. आपण ते खातो तेव्हा ते पोटातून आतड्यात जातं आणि आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं. वर शिजवणं आहेच.

पण हे उत्तर फक्त त्या तळ्यापुरतं घ्यावं, जिथं पेंड तुम्ही टाकली आहे. ओढ्याच्या डोहात अचानक मेलेले मासे तरंगताना दिसले आणि कुणी म्हणालं ‘काही नाही, झाडाचा पाला टाकलाय’, तर ते मासे घरी आणू नयेत. हल्ली डोहात पाल्याऐवजी पिकावर फवारायची औषधं ओतली जातात, आणि ती कल्ल्यांशी थांबत नाहीत.

आदिवासी पूर्वापार नदीत टाकतात, मग आताच काय झालं?

खरं आहे. गेळाची फळं, रामेठ्याचा पाला, हिंगणबेटाची फळं कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे हातानं वेचायचे, ही रीत सह्याद्रीत आणि सातपुड्यात जुनी आहे. अशीच रीत ॲमेझॉनच्या जंगलात आहे, आफ्रिकेत आहे. पण ती रीत उन्हाळ्यातल्या तुटलेल्या डोहासाठी होती, जिथून पाणी पुढं जात नाही. आणि मात्रा होती माणसानं कुटून डोक्यावर वाहून आणलेल्या टोपलीएवढी. ट्रॅक्टरनं पोती आणून वाहत्या पाण्यात रिकामी करणं हे तिचं आधुनिक रूप नव्हे, वेगळंच कृत्य आहे.

वाहत्या पाण्यात मात्रा कुणाच्याच हातात राहत नाही. वर टाकलेलं खाली कुठवर आणि किती दाट पोचेल ते सांगता येत नाही. सॅपोनिन नको असलेला मासा आणि हवा असलेला मासा ओळखत नाही. बेडकाची पिल्लंही कल्ल्यांनीच श्वास घेतात, तीही मरतात. कायद्यानंही हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमाच्या कलम 5 नुसार मासे मारण्यासाठी पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक वस्तू टाकणं गुन्हा आहे. विष कारखान्यातलं की झाडाचं, असा भेद त्यात केलेला नाही.

झाडाचं आहे म्हणजे सौम्य असणार ना?

ही समजूत सगळ्यांत हट्टी आहे, म्हणून थोडं लांब जाऊ.

डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांत रोटेनोन नावाचं द्रव्य असतं. पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्याच ते बंद पाडतं, त्यामुळे प्राणवायू मिळूनही पेशी उपाशी मरते. अमेरिकेतले मत्स्यविभाग 1930 च्या दशकापासून नको असलेले मासे मारायला ते वापरतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस सरोवरात पाईक नावाचा शिकारी मासा शिरला आणि तो खालच्या नद्यांतल्या सॅमन माशांपर्यंत पोचेल अशी भीती निर्माण झाली. 1997 साली सरकारनं गावकऱ्यांचा विरोध डावलून सरोवरात रोटेनोन ओतलं. सरोवर शेजारच्या पोर्टोला गावाच्या पिण्याच्या पाण्याचं होतं. रोटेनोन पाण्यात मिसळावं म्हणून त्यात घातलेली रसायनं अपेक्षेपेक्षा जास्त दिवस टिकून राहिली, गावाचा पाणीपुरवठा बंद राहिला, सरकारला भरपाई द्यावी लागली. आणि 1999 साली पाईक पुन्हा सापडले. 2007 मध्ये वेगळ्या मिश्रणानं, गावाला विश्वासात घेऊन, सगळं पुन्हा करावं लागलं.

यातून दोन गोष्टी दिसतात. मुळातलं द्रव्य झाडाचं असलं तरी बाटलीत येताना त्यात आणखी काय मिसळलं आहे ते वेगळं पाहावं लागतं. आणि झाडाचं द्रव्यही निरुपद्रवी असेलच असं नाही. रोटेनोन दीर्घकाळ टोचलेल्या उंदरांत पार्किन्सनसारखी लक्षणं दिसल्याचं 2000 साली प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत तो रोग उंदरांत निर्माण करायला रोटेनोनही वापरलं जातं. सेंद्रिय शेतीत एके काळी त्याची पूड बागेत सर्रास भुरभुरत असत.

मग नॉर्वेनं नद्यांत रोटेनोन कसं टाकलं, असं जाणकार वाचक विचारेल. टाकलं, आणि मुद्दाम टाकलं. 1970 च्या दशकात बाहेरून आलेल्या एका परजीवी किड्यानं तिथल्या सॅमनची पिल्लं मारायला सुरुवात केली. तो किडा माशाशिवाय जगत नाही, म्हणून एकेका नदीतले सगळे मासे मारून तो संपवायचा, असा निर्णय झाला. पण त्याआधी त्या नदीच्या सॅमनचा वंश जनुकपेढीत जपून ठेवला आणि नंतर परत सोडला. नदीत विष टाकायचं तर त्याची तयारी एवढी असते. रोटेनोन लागू नये अशा जागी खाली पोटॅशियम परमँगनेट सोडून ते निष्प्रभ करता येतं. अशी व्यवस्था असलेला ओढा आपल्याकडे कुणी पाहिला असेल असं वाटत नाही.

सॅपोनिन एवढं गुणी असेल तर सगळीकडे का वापरत नाहीत?

याचं उत्तर इथिओपियात आहे. 1964 साली अक्लिलू लेम्मा हे तिथले संशोधक अडवा गावाजवळ ओढ्यावर पाहणी करत होते. बायका एन्डोड नावाच्या झुडपाची फळं कुटून त्या फेसानं कपडे धूत होत्या, अगदी आपल्याकडच्या रिठ्यासारखं. धुण्याच्या जागेच्या खाली त्यांना मेलेल्या गोगलगाईंचा खच दिसला. या पाणगोगलगाई शिस्टोसोमियासिस या रोगाचे कृमी वाढवतात; कृमी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. (हा रोग आपल्यापासून फार दूरचा वाटेल, पण 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचे रुग्ण सापडल्याची नोंद आहे. भारतातलं ते एकमेव परिचित ठिकाण.)

गावाच्या कुंपणावर वाढणारं, बायकांना ओळखीचं, फुकटचं औषध! लेम्मांनी आणि त्यांचे सहकारी लेगेस्से वोल्डे-योहानेस यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना 1989 साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कारही मिळाला. तरीही एन्डोड जगभर पसरलं नाही. फळाफळात सॅपोनिन कमी-जास्त असतं, म्हणून आधी चांगल्या जातीची निवड करावी लागली. गोगलगाई मारणाऱ्या मात्रेला पाण्यातले मासेही मरतात. आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी मागितलेल्या विषचाचण्या करायला गरीब देशाकडे ना प्रयोगशाळा होत्या ना पैसा. त्या चाचण्या मागणं चूक नव्हतं असं माझं मत. डेव्हिस सरोवराची गोष्ट वाचल्यावर तर नाहीच. पण कारखान्याच्या औषधामागे कंपनी उभी असते आणि ती चाचण्यांचा खर्च करते. कुंपणावरच्या झुडपामागे कुणी नसतं. पुढे अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठानं एन्डोडचा उपयोग पाइप तुंबवणाऱ्या झेब्रा शिंपल्यांवर होतो असं दाखवून त्याचं पेटंट मिळवलं, तेव्हा इथिओपियात नाराजी उमटली ती यामुळेच.

मोहाच्या पेंडीचं भाग्य थोडं बरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या गोल्फच्या हिरवळीवरची गांडुळं वर काढायला ती जहाजानं तिकडे जात असे. आज तिची शिफारस आपल्या मत्स्यसंशोधन संस्था करतात, कारण तिचा वापर चार बांधांच्या आत, मोजलेल्या पाण्यात, मासे सोडण्यापूर्वी किमान तीन आठवडे होतो. यातली एक अट सुटली तरी शिफारस लागू राहत नाही.

बीज सोडण्याआधीची परीक्षा

वीस दिवस झाले म्हणून थेट हजारो बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडू नयेत. पेंडीची ताकद, गाळाची जाडी आणि हवामान प्रत्येक तळ्यात वेगळं असतं. बारीक जाळीचा छोटा हापा, म्हणजे जाळीचा पिंजरा, तळ्यात बांधावा, त्यात दहा-बारा बोटुकल्या सोडाव्यात आणि एक अख्खा दिवस-रात्र ठेवावं. पहाटे अवश्य पाहावं, कारण पाण्यातला प्राणवायू तेव्हा सगळ्यांत कमी असतो. सगळ्या तरतरीत असतील तर बीज आणायला गाडी पाठवावी. दोन-तीन मेल्या तर आठवडाभर थांबावं आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. पाणी घेण्याच्या पाइपाला बारीक जाळी त्याआधीच बांधून ठेवावी, नाहीतर पहिल्याच पावसात ओढ्यातून नवे मरळ येतील आणि पुढच्या वर्षी पेंडीचा खर्च पुन्हा करावा लागेल.